तांड्यातलं सगळ्यात श्रीमंत घर

सरकारी अर्थशास्त्रज्ञ नेमकं काय करतो, हे मला आयुष्यभर लोकांनी विचारलं. कळमनुरीच्या माझ्या चुलत्यांना वाटायचं मी बँकेत आहे. आईला वाटायचं मी तहसीलदाराच्या कानाशी बसते आणि मनात आणलं तर कुणाचाही सातबारा दुरुस्त करून देऊ शकते. सुरुवातीला मी समजावून सांगायचे, नंतर नाद सोडला. आता निवृत्त झाल्यावर कुणी विचारलं तर सरळ सांगते, मी वाक्यं लिहिली. नियमांची वाक्यं. ती मुंबईत टाइप व्हायची, जिल्ह्याजिल्ह्यांत जायची आणि ज्यांना अक्षर ओळखता येत नाही त्यांच्या चुलीपर्यंत जाऊन पोचायची. त्यातल्या एका वाक्याचा मला आजही एवढा संताप येतो की हातातलं भांडं आपटावंसं वाटतं. लिहिणारी मीच होते, त्यामुळे आपटून काही उपयोग नाही.

आमचं घर मेंढरं राखणारं. थोडी कोरडवाहू जमीन आणि बाकी सगळा जीव मेंढरांवर. दिवाळी झाली की वडील कळप घेऊन बाहेर पडायचे, मागोमाग आई जायची, घराला कुलूप लागायचं आणि आम्हा भावंडांची वरात आत्याच्या घरी. शाळेतल्या मास्तरांनी एकदा हजेरीत माझ्या नावापुढे ‘गाव सोडून गेले’ असं लिहिलं होतं, आणि आत्यानं शाळेत जाऊन त्यांची चांगली खरडपट्टी काढली होती. म्हणजे कुलूप लागलेलं घर हे सोडून दिलेलं घर नसतं, हे मला पुस्तकातून शिकायची गरज नव्हती. तरी मी विसरले. औरंगाबादला अर्थशास्त्रात एम.ए. केलं, नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला परीक्षा पास झाले, मुंबईत नियोजनाच्या एका कचेरीत संशोधन अधिकारी म्हणून लागले, आणि विसरले. विसरायला मला तीन-चार वर्षंसुद्धा लागली नाहीत.

मुंबईत आमच्याकडे गरिबी मोजायचं काम होतं. एक छापील तक्ता होता. घर कसलं, जमीन किती, अंगावर कपडे किती, घरात वस्तू काय, असे प्रश्न आणि प्रत्येक उत्तराला गुण. जितके गुण जास्त तितकं कुटुंब सुखवस्तू. शून्य म्हणजे अगदी कफल्लक. ठरावीक गुणांच्या खाली जो राहील त्याला पिवळं कार्ड आणि स्वस्त धान्य. वर गेला तो गेला. आम्ही बारा जण एका लांब टेबलाभोवती बसून ठरवायचो की पितळी हंड्याला गुण द्यावेत की नाही. एका गृहस्थांनी पंख्यावर पाऊण तास घालवला. मधूनमधून चहा यायचा, बशीत दोन-दोन बिस्किटं.

हा तक्ता लागू करण्याआधी चाचणी घ्यायची होती. मी आपल्या भागाची म्हणून मला इकडे, हिंगोलीच्या बाजूला पाठवलं. कनेरगाव नाक्याजवळच्या एका गावात आम्ही एका दुमजली घरात शिरलो. समोर मोठा टीव्ही. घरमालक म्हणाला, “तो मेव्हण्याचा हाय.” अंगणात मोटारसायकल. “ती बी मेव्हण्याचीच.” लोखंडी कपाट? “देवळाचं हाय, ठेवाया जागा न्हाई म्हून आमच्याकडं.” माणूस इतक्या शांतपणे खोटं बोलत होता, वर आम्हाला भजी खाऊ घालत होता. त्या मेव्हण्यानं माझं डोकं फिरवलं. मी परत मुंबईला गेले आणि बैठकीत टेबलावर हात आपटून म्हणाले, वस्तू ज्याच्या घरात, त्याची. विषय संपला. मोजायला गेलेल्यानं चौकशी करत बसलं तर गावात एकही टीव्ही सापडणार नाही, सगळे मेव्हण्यांचेच निघतील.

सगळे हसले आणि सगळ्यांना पटलं. मसुदा मीच लिहिला. ‘तपासणीच्या वेळी घरात आढळलेली वस्तू त्याच कुटुंबाची समजावी. मालकीबाबतचा कोणताही खुलासा विचारात घेऊ नये.’ कचेरीत त्याला ‘मेव्हण्याचा नियम’ असं नाव पडलं. वरिष्ठांनी मला प्रशंसापत्र दिलं. मी ते काचेच्या चौकटीत घालून घेतलं, खोटं कशाला सांगू.

पुढे हिंगोलीचा जिल्हा वेगळा झाला आणि मी बदली मागून घेतली. आई थकली होती आणि मुंबईचा मला कंटाळा आला होता. नव्या जिल्ह्यात सगळंच उसनं होतं. कचेरी भाड्याच्या घरात, खुर्च्या परभणीहून आलेल्या, कपाटांना किल्ल्या नाहीत. माझ्या वर एक साहेब होते. स्वभावानं वाईट नव्हते, पण कागदावर सही करण्यापलीकडे जगात काही करण्यासारखं आहे असं त्यांना वाटत नसे. मी आले त्याच्या पुढच्याच हिवाळ्यात आमचा तक्ता जिल्ह्यात लागू झाला. प्राथमिक शाळांचे गुरुजी घरोघर फिरले, तक्ते भरले, गुणांच्या बेरजा झाल्या, याद्या लागल्या. वेळेत काम पुरं केलं म्हणून आमच्या कचेरीची पाठ थोपटली गेली.

होळीच्या सुमाराला एक दिवस शिपाई आत येऊन म्हणाला, “मॅडम, एक म्हातारी सकाळपासून बसून राहिली. तहसीलवाल्यांनी हिकडं धाडलं म्हनते.”

आत आलेली बाई सत्तरीच्या पुढची होती. बंजारा तांड्यावरची, हे घेरदार घागऱ्यावरून आणि कपाळावर ओढलेल्या ओढणीवरून कळत होतं. पायांत चपला होत्या, पण दोन वेगवेगळ्या जोड्यांमधल्या. तिनं प्लास्टिकच्या पिशवीतून जुनं पिवळं कार्ड काढून माझ्या टेबलावर ठेवलं.

“मी मालदार झाले म्हनं,” ती म्हणाली. “दुकानवाला म्हनला, याडी, तुझं नाव कटलं, तू आता मालदार हाईस. कवा झाले, काहून झाले, ते इचाराया आले.”

याडी म्हणजे त्यांच्या बोलीत आई. सगळा तांडा तिला याडी म्हणायचा, पुढे मीही म्हणायला लागले. तिला नवरा नव्हता, मुलगा ऐन तरुणपणी गेलेला, मुलगी दूर दिलेली. जमीन नाही. मी तिच्या तांड्याची यादी काढली. जवळजवळ सगळ्या घरांपुढे ‘बंद’ असा शेरा. मोजलेली घरं पाच-सहा, आणि त्यांत सगळ्यात जास्त गुण या म्हातारीला. तक्ता काढून पाहिला. टीव्ही दोन. कपाटं तीन. शिलाई मशीन एक. सायकली चार. पितळी हंडे आणि कळश्या मोजता मोजता गुरुजींनी शेवटी ‘भरपूर’ असं लिहून टाकलेलं.

“याडी, तुमच्या घरात दोन टीव्ही आहेत?”

“हायेत की.”

“आणि कपाटं?”

“तीन. एकाचं दार लागत न्हाई, दोरी बांधली.”

तिनं एका अक्षरानं नाकारलं नाही. आणि मी, जिला आपण माणसं ओळखतो असा फार अभिमान होता, मी तिला कनेरगावच्या त्या भजीवाल्याच्या पंक्तीला बसवलं. सरळ सांगितलं, इतकं सामान घरात असताना गरिबांचं धान्य मागणं बरं नव्हे. तिनं कार्ड पिशवीत ठेवलं, पिशवीला गाठ मारली आणि निघाली. दारात थांबून एवढंच म्हणाली, “दाणा बंद झाला बाई, म्हून आले. तकलीफ दिली.”

घरी जेवताना दुसरी भाकरी घेतली आणि आठवलं. अर्थशास्त्राच्या पहिल्या वर्षाला शिकवतात, दुसऱ्या भाकरीची गोडी पहिलीपेक्षा कमी असते. मग एकट्या म्हातारीनं दुसरा टीव्ही घेतला कशाला? चार सायकली कोण चालवतं? एवढा साधा प्रश्न मला ती समोर बसलेली असताना पडला नाही. तक्ता समोर असला की आम्हाला माणूस दिसत नाही, हे मी तेव्हापासून म्हणते आणि लोकांना वाटतं मी भाषण ठोकते आहे.

दोन दिवसांनी जीप घेऊन मी तांड्यावर गेले. सिद्धेश्वर धरणाच्या वरच्या अंगाला, माळावर. चाळीसेक घरं आणि घरोघरी कुलपं. सगळा तांडा ऊस तोडायला पश्चिमेकडे गेलेला. दसरा-दिवाळीनंतर जायचा, आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या आसपास परतायचा. मागे राहतात म्हातारी, पांगळी आणि एखादी बाळंतीण. हे आमच्या जिल्ह्यातलं शेंबडं पोर सांगेल. आम्ही मोजणी ठेवली ऐन हिवाळ्यात, कारण आर्थिक वर्ष संपायच्या आत निधी खर्च व्हायला हवा होता.

याडी ओट्यावर बसून ज्वारी निवडत होती. मी आत डोकावले आणि तशीच उभी राहिले. आत पाय ठेवायला जागा नव्हती. आढ्यापर्यंत सामान. कपाटं, पेट्या, हंडे, खाटा उभ्या करून लावलेल्या, टीव्हींना गोधड्या गुंडाळलेल्या. प्रत्येक वस्तूला चिंधी बांधलेली, कुणाची लाल, कुणाची हिरवी, कुणाची फुलाफुलांची. तिचं स्वतःचं अंथरूण बाहेर ओट्यावर होतं.

“ही लाल नायकाची,” ती मला दाखवत म्हणाली. “हिरवी त्याच्या भावाची. फुलाची त्या नव्या सुनंची, माहेरचं कपाट हाय तिचं, लई जपते. कुलपाला चोर भीत न्हाई बाई, माणसाला भितो. म्हून जाताना समदे माझ्याकडं टाकून जातात. माझी सासू राखायची, आता मी राखते. जातानाच घरामागं दोन पायल्या ज्वारी देतात. राखणीची. ती आन कार्डाचा दाणा, दोन्ही मिळून माझं वरीस जातं.”

“हे तुम्ही कचेरीत का नाही सांगितलं?”

“तुमी इचारलं, हायेत का. म्हनलं हायेत. कोनाचे हायेत, ते तुमी कुठं इचारलं?”

त्या दिवशी माझ्या अंगाची आग आग झाली. मी थेट गुरुजींच्या शाळेत गेले आणि मुलांसमोर नको म्हणून त्यांना वऱ्हांड्यात बोलावून झाडायला लागले. डोळे होते की नाही तुम्हाला? गुरुजींनी सगळं ऐकून घेतलं. मग आतून सूचनापुस्तिका आणली, पान उघडून माझ्यापुढे धरलं. ते वाक्य त्यांनी लाल शाईनं अधोरेखित केलं होतं.

“मॅडम, म्हातारीनं मला एकेक चिंधी दाखवली हो. पर हितं लिहून हाय, खुलासा विचारात घेऊ नये. आमाला ट्रेनिंगमधी सांगितलं, जो खुलासा ऐकंल त्याला नोटीस. आता ह्ये कुण्या शहाण्यानं लिहिलं, त्यालाच इचारा.”

मी सांगितलं नाही, शहाणी समोरच उभी आहे म्हणून.

साहेबांना मात्र सांगितलं. ते मनापासून हसले. “तुमचाच मेव्हणा, तुमच्याच घरी आला की,” म्हणाले. मग कायदेशीर वाट सांगितली. म्हातारीचा तक्ता एकटा बदलता येत नाही. उन्हाळ्यात बंद घरांची पुरवणी तपासणी होणार आहे, तेव्हा सामानाच्या मालकांनी आपापली वस्तू आपली म्हणून जबाब द्यायचा, म्हणजे तिच्या नावावरचे गुण त्यांच्या नावावर जातील. तोपर्यंत? तोपर्यंत थांबायचं. मी विचारलं, तोवर तिनं खायचं काय? साहेबांनी पंख्याकडे बघितलं. त्या पंख्याला किती गुण, ते मला तोंडपाठ होतं.

ते तीन महिने मी तिला अधूनमधून धान्य पाठवलं. घेताना ती खूश नसायची. “हे कार्डाचं हाय का?” असं प्रत्येक वेळी विचारायची, आणि नाही म्हटलं की तोंड वळवून घ्यायची. तिला माझी दया नको होती. तिला तिचं नाव हवं होतं, आणि ते मी काढून घेतलं होतं.

उन्हाळ्यात टोळ्या परतायला लागल्या. तांड्याची एक रीत होती. शेवटचा ट्रॅक्टर येईपर्यंत याडीच्या घरातून कुणी काही उचलायचं नाही. सगळे आले की एकाच दिवशी, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत, चिंध्या बघून आपापलं न्यायचं. म्हणजे चुकामूक नको आणि संशय नको. मी त्याआधीच्या दिवशी गेले. लिंबाखाली सगळा तांडा जमला होता, मध्ये नायक. नायक म्हणजे त्यांचा प्रमुख, साठीचा, आवाज न चढवता बोलणारा माणूस. मी टेबल मागवलं, तक्ते काढले आणि मोठ्या उत्साहानं समजावून सांगितलं. आपापली वस्तू आपली म्हणून सांगा, मी लिहून घेते, याडीचं नाव परत लागेल.

माणसं भली. कुणी कां-कू केलं नाही. पहिली आली ती फुलाफुलांच्या चिंधीची सून आणि तिचा नवरा. “कपाट आमचं. एक टीव्ही आमचा. सायकल बी.” मी लिहिलं, बेरीज केली. याडी माझ्या खुर्चीला टेकून जमिनीवर बसली होती. तिनं विचारलं, “मंग ह्यांचं नाव लागलं का?”

मी म्हटलं, नाही, यांचे गुण रेषेच्या वर जातात. सामानामुळे.

“म्हंजी ह्यांला दाणा न्हाई?”

“नाही.”

“ह्यांची चार लेकरं हायेत.”

“हो, पण वस्तू...”

“मला एकटीला दाणा मिळंल आन ह्या चौघा लेकरांला न्हाई?”

उत्तर होतं, तक्त्यात स्वच्छ होतं, पण ते लिंबाखाली मोठ्यानं म्हणता येण्यासारखं नव्हतं. याडी उठली. कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

“खोडा ते. कपाट माझं हाय.”

नायक म्हणाला, “याडी, काहून असं करून राहिली? तुझं कार्ड जाईल.”

“ते गेलंच हाय. बाई, लिहा. कपाटं माझी, टीव्ही माझे, हंडे माझे. मशीन बी माझं. ही समदी उघडी घरं बघून घ्या, आत काई हाय का? जा, बघून या.”

मी गेले. काय करणार होते? प्रत्येक घराचं कुलूप काढलेलं, आत चूल, चार भांडी, अंथरुणं. नियमाप्रमाणे तपासणीच्या वेळी घरात जे आढळेल तेच त्या कुटुंबाचं. नियमाप्रमाणे सगळा तांडा कफल्लक होता आणि एक म्हातारी मालदार. माझं वाक्य त्या दिवशी त्या बाईनं माझ्या हातून काढून घेतलं आणि माझ्यापेक्षा कितीतरी शहाणपणानं वापरलं. एम.ए. मी होते. अर्थशास्त्र तिला कळत होतं.

नायक परत म्हणाला, “अन् तू काय खाशील?”

“राखणीची ज्वारी हाय की. कार्डाबिगर मेले का मी ह्ये चार महिने?”

मी चाळीस घरांचे तक्ते भरले. एकूण एक नियमात बसणारे, एकूण एक खोटे. याडीनं आपल्या तक्त्यावर बिनधास्त अंगठा दिला. साहेबांनी गठ्ठा न वाचता सह्या केल्या. तांड्यातल्या जवळजवळ प्रत्येक घराला कार्ड मिळालं. तेवढं एक चांगलं झालं, आणि ते मी केलं नव्हतं.

पण मी गप्प बसणारी नव्हते. अर्थशास्त्रज्ञाला कुठे थांबावं हे कळत नाही, हा धंद्याचाच रोग आहे. तक्रार असलेल्या कुटुंबांची पुढच्या हिवाळ्यात पुनर्तपासणी होणार, असं एक पत्रक आलं होतं. मी नायकाला गाठून सांगितलं, “या खेपेला जाताना याडीकडे काही ठेवू नका. एक हंडासुद्धा नको. घर रिकामं दिसलं की मी स्वतः येऊन तिचं नाव लावते.”

नायकानं विचार केला. “सामान कुठं ठेवावं मंग?”

“ते तुम्ही बघा. एका वर्षाचा तर प्रश्न आहे.”

“बराबर,” तो म्हणाला. मॅडम म्हणतात म्हणजे खरं असणार, असा त्याचा चेहरा होता. तो चेहरा आठवला की मला स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावंसं वाटतं.

पुढच्या हिवाळ्यात पुनर्तपासणी रद्द झाल्याचं पत्र आलं. दोन ओळींचं. कारण दिलेलं नव्हतं. आता पुढची गणना होईल तेव्हाच, म्हणजे आणखी काही वर्षांनी. मी साहेबांशी भांडले, मुंबईला फोन लावले, ज्या टेबलाशी मी बसायचे त्या टेबलाशी आता बसणाऱ्या एका तरुण अधिकाऱ्यानं मला समजावलं की मॅडम, एखाद्या केससाठी धोरण बदलत नसतं. हे वाक्यही मी पूर्वी कुणाला तरी ऐकवलेलं होतं. मी फोन आपटला आणि जीप काढायला सांगितली. याडीला हे दुसऱ्या कुणाच्या तोंडून कळायला नको होतं.

तांडा बंद होता. लिंबापलीकडच्या दोन घरांची कुलपं तोडलेली दिसली, दारं उघडी पडलेली. याडीच्या घराचं दार सताड उघडं होतं आणि आत काहीही नव्हतं. जमीन सारवलेली, कोपऱ्यात चूल, एक तवा, दोन ताटल्या, दोरीवर एक गोधडी. इतकी मोठी खोली आहे ती, हे मला तेव्हा कळलं. तांड्यानं माझा शब्द पाळला होता. कुणी टीव्ही विकून टाकला, कुणी पाहुण्यांकडे टाकला, कुणी कुलूप लावून गेलं. त्या सुनेनं माहेरचं कपाट ट्रॅक्टरवर घालून उसाच्या फडात नेलं होतं.

याडी गेल्या वेळेपेक्षा निम्मी झाली होती. मी विचारलं, राखणीची ज्वारी?

“राखायला काई न्हाई, मंग राखणीची कोन देईन? जाताना नायकानं एक पायली टेकवली. बाकी लोक द्याया लागले तर मीच न्हाई म्हनलं. काम न करता कसं घ्यावं?”

हे ती तक्रार म्हणून सांगत नव्हती. तिच्या आवाजात उलट एक लगबग होती. तिनं मला आत बोलावलं, भिंतीशी गोणपाट टाकलं.

“रोज सारवून ठेवते बाई. म्हनलं कोन्या दिवशी येतात काय ठावं. बघा, काईच न्हाई. वर बी बघा, आढ्याला काई न्हाई. घ्या मोजून.”

मी पत्राबद्दल सांगायला तोंड उघडलं. शपथेवर सांगते, उघडलं. पण त्याऐवजी पर्स उघडली. पर्समध्ये तक्ता नव्हता, कारण तक्ता निघालाच नव्हता. एक कोरा कागद होता. मी तो काढला, मांडीवर घेतला आणि प्रश्न विचारायला लागले. घर कसलं? जमीन किती? अंगावरचे कपडे किती? टीव्ही? कपाट? सायकल? ती प्रत्येकाला “न्हाई” म्हणत गेली, सरळ बसून, परीक्षेत उत्तरं येत असलेल्या मुलीसारखी. मी प्रत्येक उत्तर लिहिलं. मग कागद पुढे केला, तिनं अंगठा उमटवला आणि फुंकर मारून शाई वाळवली.

“किती भरले?”

“शून्य,” मी म्हटलं.

“काईच न्हाई भरलं?”

“काहीच नाही, याडी.”

म्हातारीचा चेहरा असा उजळला की मला तिच्याकडे बघवेना. “झालं मंग एकदाचं,” ती म्हणाली, आणि चहा घेतल्याशिवाय जायचं नाही म्हणून तिनं चूल पेटवली. साखर नव्हती. शेजारून आणावी तर शेजारच्या दाराला कुलूप. मी तो चहा तसाच प्यायले, कपाच्या तळापर्यंत प्यायले, आणि दाणा कधीपासून सुरू होईल असं तिनं विचारलं तेव्हा “लवकरच” म्हणाले.